आधी माणूस, मग रडणं

वैशाली कॉलेजात मराठी शिकवते. या सत्रात तिला विलापिका हा काव्यप्रकार शिकवायचा आहे, एवढंच ती बोलली आणि बाळ्याला विषय मिळाला.

"कशाला शिकवता असलं काही?" तो म्हणाला. "माणूस गेला की ग्रुपवर हात जोडलेले इमोजी, चौकात फ्लेक्स, दहाव्याला दोन भाषणं. आता कोण बसून शोकगीत लिहितंय? आणि हवीच असेल विलापिका तर मी रोज छापतो. चार बाय सहा."

बाळ्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. श्रद्धांजलीची त्याची फाईल तयार असते: कोपऱ्यात समई, वर पांढरी फुलं, मधे गोल चौकट, खाली 'शोकाकुल' म्हणून रांगेने फोटो. रात्री अकराला फोन येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो (बऱ्याचदा आधार कार्डावरचाच), नाव आणि तारीख बदलली की काम झालं.

"त्यावर गेलेला माणूस कोण होता ते कळतं का?" वैशालीने विचारलं.

"नाव असतंय की."

"नाव कळलं. माणूस?"

"लिहितो ना. मनमिळाऊ, कष्टाळू, प्रेमळ."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच. फाईल एकच आहे, लका."

सगळे हसले, बाळ्याही हसला. पण मुद्दा त्याने सोडला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं: दुःख झालं की झालं, त्याला सजवायचं कशाला? कविता करणारा माणूस खरा रडत नसतो.

यावर शकील बोलला. त्याचं आजोळ कडेगावचं. तिथले मोहरमचे उंच ताबूत आणि त्यांच्या भेटी बघायला सगळा सांगली जिल्हा लोटतो. "इसवी सन 680 मध्ये करबला झाली, पैगंबरांचे नातू हुसेन तिथे तहानलेले मारले गेले. त्यावर लोक अजून रडतात. सजवलेलं होतं म्हणूनच ते टिकलं," तो म्हणाला, आणि मग मर्सियाबद्दल, म्हणजे करबलेवरच्या शोककाव्याबद्दल, बराच वेळ सांगत बसला. आमच्यातल्या कुणालाच त्यातलं फारसं ठाऊक नव्हतं, म्हणून इथे जरा सविस्तर देतो.

मर्सिया दखनी भाषेत आधीपासून होता, गोवळकोंडा आणि विजापूरकडे. पण त्याला कळस चढवला तो एकोणिसाव्या शतकात लखनौच्या मीर अनीस आणि मिर्झा दबीर यांनी. सहा-सहा ओळींची कडवी, कधी शंभराच्याही वर. आणि रडणं कुठे? सगळ्यात शेवटी. आधी प्रस्तावना. मग वीराचं रूप. मग तो तंबूतून निघतो तो निरोप: आई, बहीण, लहान लेक. मग तो मैदानात येतो, आपण कोण, कुणाचे कोण ते ललकारून सांगतो. मग घोडा, तलवार, लढाई. मग तो पडतो. आणि एवढं सगळं झाल्यावर 'बैन', म्हणजे विलाप. फुरात नदीवर पखाल भरायला गेलेला हुसेनचा भाऊ अब्बास, तंबूत तहानेने कळवळणारी पोरं, हात तुटल्यावर त्याने दातांत धरलेली पखाल, हे सगळं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं झाल्यावरच त्याला रडायची मुभा मिळते. शिवाय पाणी कुणी अडवलं हे दर वर्षी नाव घेऊन सांगितलं जातं.

"अनीसच्या मर्सियात अरबस्तानातल्या बायका लखनौच्या बेगमांसारख्या बोलतात म्हणून लोक नावं ठेवतात," शकील म्हणाला, "पण म्हणून तर लखनौ रडलं."

मला जे म्हणायचं होतं ते शकीलने आयतंच हातात दिलं. शोकगीत म्हणजे नुसतं रडणं नव्हे. आधी माणूस उभा करायचा, मग तो नाही म्हणून रडायचं. बाळ्याच्या फ्लेक्सवर दुसरी पायरी आहे, पहिली गायब आहे.

दत्ताआप्पा तोवर गप्प होते. ते म्हणाले, "तुम्ही पोरं पुस्तकातलं बोलताय. आमच्या गावच्या बायका बघितल्यात का हेल काढून रडताना?"

मी लहानपणी पाहिलंय. परगावच्या बायका एसटीतून उतरतात, वाटेने पिकापाण्याच्या गप्पा मारत येतात, आणि मयताचं घर दिसलं की डोक्यावरचा पदर पुढे ओढून एकदम गळा काढतात. बाळ्याने नेमकं तेच पकडलं: "बघा! नाटकच की."

"नाटक म्हण," आप्पा म्हणाले, "पण त्या रडण्यात काय काय सांगतात ते ऐकलंस का? माझ्या चुलतीच्या वेळी तिची भाचेसून सुरात रडत होती. म्हातारीने दुष्काळात दोन्ही भावांची पोरं कशी सांभाळली, मेथीची भाजी कशी करायची, सगळं. आणि मग त्याच सुरात, शेवटच्या महिन्यात तिच्या तोंडात कुणी पाणी घातलं नाही, हेही. दोन्ही पोरगे समोर बसलेले, माना खाली घालून. एरवी ती बाई हे चार माणसांत बोलू शकली असती का? रडणाऱ्याला कुणी अडवत नाही."

हे ऐकून शकील म्हणाला, "पाणीच." बाकी काही बोलला नाही.

मग वैशालीची पाळी. तिने अजविलाप काढला. कालिदासाच्या रघुवंशाचा आठवा सर्ग. नारदाच्या वीणेवरची फुलांची माळ अंगावर पडून इंदुमती मरते आणि अज राजा तिला मांडीवर घेऊन विलाप करतो. तिने वियोगिनी वृत्ताच्या चालीत एक ओळ म्हणून दाखवली, 'गृहिणी सचिवः सखी मिथः'. बायको, सल्लागार, एकांतातली मैत्रीण, कलांमधली लाडकी शिष्या. मृत्यूने तुला नेताना माझं काय न्यायचं ठेवलं, असं अज विचारतो. "बघ, यादीच आहे," वैशाली बाळ्याला म्हणाली. "पण मनमिळाऊ-प्रेमळवाली नाही. ती त्याची कोण कोण होती, याची यादी आहे."

"आणि मग?"

"मग वसिष्ठ निरोप पाठवतात. मरण हा देहधारी जिवाचा स्वभावच आहे, रडू नकोस. आणि नातेवाइकांचे सततचे अश्रू मेलेल्याला जाळतात, असं म्हणतात."

"बरोबर आहे त्यांचं!" बाळ्या म्हणाला. "मी तेच म्हणतोय."

"बरोबर असेल. पण अजाला ते पटत नाही. कालिदास स्पष्ट सांगतो. मुलगा लहान म्हणून तो कशीबशी आठ वर्षं काढतो. तिच्यासारखं काही दिसलं की बघत बसायचं, तिचं चित्र बघायचं, स्वप्नात घडीभर भेटायचं. आणि मग गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवतो. तो लहान मुलगा म्हणजे दशरथ. समजुतीचे श्लोकही कालिदासानेच लिहिलेत, उत्तम लिहिलेत, आणि ते लागू पडले नाहीत हेही त्यानेच लिहून ठेवलंय."

मला वाटतं त्या संध्याकाळचं सगळ्यात वजनदार बोलणं हे होतं. शोकगीताने मन हलकं होतं असं आपण सहज म्हणून जातो. अजाचं कुठे झालं?

आप्पा वारकरी. कार्तिकात आळंदी चुकवत नाहीत. ते म्हणाले, "वसिष्ठाचं सोडा, आमच्याकडे तर गुरूच रडलाय." शके 1218, म्हणजे 1296 सालची कार्तिक वद्य त्रयोदशी. ज्ञानेश्वर समाधीला बसतात. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत निवृत्तिनाथ, म्हणजे थोरला भाऊ आणि गुरू, सगळं ज्ञान असलेला माणूस, कोसळतो. पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानभर पांगावं, हरिणी गेल्यावर खोपी ओस पडून पाडसं दिशा हुडकत हिंडावीत, असं ते बोलणं आहे. आणि त्यातच एक साधं वाक्य येतं: आईबापांनी आम्हाला टाकलं तेव्हाही असं संकट आलं नव्हतं. आप्पा म्हणाले, "एवढ्या एका वाक्यात चौघा भावंडांचं सगळं बालपण आलं. आळंदीत अजून नामदेवांच्या घराण्यातले लोक त्या दिवशी हे कीर्तन करतात. मंडपात एक डोळा कोरडा राहत नाही."

"पण आप्पा," बाळ्याने अडवलं, "समाधी संजीवन ना? माउली आहेत म्हणता ना तुम्ही? मग रडायचं कशाला?"

"आहेत म्हणतो आणि रडतो. दोन्ही दर वर्षी. तुला जमत नसेल तर सोड."

बाळ्या हरला असं वाटलं, पण गडी तयारीचा. त्याने पानिपतची बातमी देणारं पत्र काढलं. "1761. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला गणती नाही. यात कुठाय तुमचा उभा केलेला माणूस? नुसता हिशेब आहे. आणि त्याच्याइतकं काळीज फाडणारं काही दाखवा."

प्रश्न चांगला होता. वैशाली म्हणाली, ते पत्र ज्याच्यासाठी होतं त्या नानासाहेब पेशव्याला मोती म्हटल्यावर विश्वासराव आणि भाऊ दिसले. एक मुलगा, एक चुलतभाऊ. त्याच्यासाठी उभं काय करायचं होतं? त्याच जूनमध्ये तो पर्वतीवर वारला. आपल्याला आज ते पत्र चटका लावतं, कारण शाळेपासून ती माणसं आपल्या ओळखीची झालीत.

"बरं, मग 'राजहंस माझा निजला' घ्या," बाळ्या म्हणाला. शाळेत पाठ केलेलं होतं त्याला. "गोविंदाग्रजांचं ते बाळ कसं होतं, काय खायचं, कुणाला हाका मारायचं, काही आठवतंय? नाही. तरी वर्ग गप्प झाला होता आमचा."

"कारण तिथे आई दिसते," मी म्हणालो. "बाळ झोपलंय, आवाज करू नका, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. बाकी सगळ्यांना कळलंय, तिलाच कळून घ्यायचं नाही. उभी राहते ती आई."

"म्हणजे गेलेला नाही, तर रडणारा उभा राहिला तरी चालतंय? नियम बदललास की तू."

"मी माणूस म्हणालो होतो. गेलेलाच पाहिजे असं कुठं म्हणालो?"

"वकील हो तू, लका."

बहिणाबाईंवरून थोडं बोलणं झालं. 1910 मध्ये नवरा गेल्यावरचं गाणं, ज्यात कुंकू पुसलं तर गोंदण उरलं म्हणतात, बांगड्या फुटल्या तर मनगटातली करतूत उरली म्हणतात, आणि शेवटी कीव करायला आलेल्या आयाबायांनाच पुरे म्हणतात. आप्पांच्या मते हे शोकगीत नव्हेच. वैशालीच्या मते यापेक्षा अस्सल दुसरं नाही, कारण त्या दिवशी बाईकडून काय काय काढून घेतात याचा एकेक जिन्नस त्यात मोजलाय. ते भांडण मिटलं नाही.

मग शकीलने बाळ्याला वेगळंच विचारलं. "तुझे मामा भीमगीतांच्या गायन पार्टीत गातात ना? सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जातात. काय गातात?"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं?"

बाळ्या जरा सरसावून बसला. "तिथं आल्याआल्या कुणी रडत नाही. आधी महाडचं तळं येतंय, 1927 चं. मग शिक्षण, मग संविधान, मग नागपूरची दीक्षा. मामा वामनदादा कर्डकांचीही गाणी म्हणतो. सगळा बाबासाहेब गाऊन झाला की मग ती दिल्लीची बातमी. विमानाने मुंबईला आणलं ते, दुसऱ्या दिवशी दादरला अंत्यविधी, ते. तिथं ढोलकी थांबते. अन् तेवढ्यावर संपत नाही. त्या दिवशी चितेसमोरच हजारो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, तिथपर्यंत जातंय गाणं."

"लखनौची आणि तुझ्या मामाची रीत एकच निघाली की," शकील म्हणाला.

"एक कशी? तुमचं तिथं रडण्यावर संपतं. आमच्यात रडल्यावर शपथ आहे."

"करबलेच्या रडण्यातही शपथ आहे. ऐकून बघ एकदा."

"तू आधी मामाचं ऐक. सहा तारखेला चल दादरला. पण रात्रभर रांगेत उभं राहायची तयारी ठेव, सांगून ठेवतो."