मॅचिंग सेंटर

ठाण्यात नौपाड्यातल्या मॅचिंग सेंटरबाहेर पिशव्या धरून मी किती तास उभा राहिलोय, त्याचा हिशेब नाही. आत बायको ब्लाउजपीस बघतेय. हा पिस्ता जरा मेंदीकडे जातो, तो जरा शेवाळी वाटतो. मी बाहेरून कुजकटपणे म्हणायचो, "अगं, हिरवा म्हणजे हिरवा!"

त्याचीच फेड गेले दोन महिने चालू आहे.

निमित्त एवढंच, की उपवनवरून येऊरचा चढ लागला की मी सायकलवरून उतरतो आणि तिला चालवत नेतो, पाळलेल्या बकरीसारखी. मागचं दात्यांचं चक्र जेवढं मोठं, तेवढा चढ हलका. माझं सगळ्यात मोठं 28 दात्यांचं. सायकलवाला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "काका, 14-34चं फ्रीव्हील टाकतो, काम झालं." फ्रीव्हील म्हणजे मागच्या चक्रांचा गठ्ठा, सगळ्यात लहान 14 दात्यांचं, सगळ्यात मोठं 34. पण तोवर मी 11-42ची कॅसेट, म्हणजे नव्या पद्धतीचा गठ्ठा, पाहिली होती. नाश्त्याच्या बशीएवढं चक्र! मन कुठलं ऐकतंय.

कॅसेट आली, पण हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बसेना. माझ्या हबला आटे, फ्रीव्हील त्यावर फिरवून बसवायचं. कॅसेट सरकवायला खाचांचा फ्रीहब लागतो. म्हणून नवं चाक. कॅसेट 10 गिअरची, हँडलवरचा गिअर बदलायचा शिफ्टर 7चा. म्हणून नवा शिफ्टर. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर मात्र मित्राने फुकट दिला, 9 गिअरचा. कंपनी तीच, म्हटलं चालेल. नाही चालला. एका टिचकीला शिफ्टर केबल किती ओढणार, हे त्यांनी 9वरून 10वर जाताना बदललेलं. चेन दोन चक्रांच्या मधोमध लटकून कटकट करत राहिली.

आणि चेन! दोन पिनांमधलं अंतर सगळ्यांचं सारखंच, अर्धा इंच. रुंदी मात्र 7-8 गिअरवालीची 7 मिलिमीटरच्या आसपास, 10वालीची 6च्या आत. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. पिस्ता आणि मेंदी, दुसरं काय!

पुढची, पेडलजवळची तीन चक्रं काढून एकच 32चं घातलं, कारण हल्ली तसंच घालतात. काल जेवताना मुलाने मोबाइलवर भागाकार केला. "बाबा, जुनं पुढचं सगळ्यात लहान 24 आणि मागे 34 म्हणजे 0.71. तुमचं 32 आणि 42 म्हणजे 0.76. आकडा लहान तेवढं हलकं. त्या सायकलवाल्याचं फ्रीव्हील चढाला हलकं पडलं असतं."

म्हटलं, तू अभ्यासाला बस.

आज 10 गिअरचा डिरेलर घ्यायला निघालो, नमुन्याला कॅसेट पिशवीत घालून. बायको दुकानाबाहेर थांबली, भाजीच्या पिशव्या घेऊन. पाऊण तासाने तिने दारातून डोकावलं.

"उजेडात आणून बघ हं. आत सगळं एकसारखंच दिसतं."