बोट लागली

आवळासुपारी नको म्हणालो, सगळं तिथून बिनसलं.

बायकोने पुडी पुढे केली होती. त्याआधी लेकीने गोळी पुढे केली होती. ‘बाबा, तुम्हाला बोट लागते का?’ या तिच्या प्रश्नावर मी नुसता हसलो होतो. अंधेरीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला बोट लागते का म्हणे! घारापुरीला कितीदा गेलोय. (दोनदा. त्यातला एक सोमवार निघाला, लेणी बंद, गेटवेवर भेळ खाऊन परत.) मांडव्याच्या बोटीत तर मी उभ्याने वडापाव खाल्लेला आहे.

ही फुशारकी मी ज्या बेटावर मारली त्याचं नाव मल. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला आहे, देखणं आहे, पण मराठी माणसाला हे नाव चारचौघांत घ्यायची सोय नाही. सासूबाईंना फोनवर ‘आम्ही चार दिवस मलसाठी आलोय’ म्हटलं, तर त्या म्हणाल्या, ‘अहो, मग इसबगोल नेलं नाहीत का?’

लेक-जावई ग्लासगोला असतात. त्यांनीच सगळं ठरवलं होतं. मलच्या एका टोकाला मोठी फेरी आपल्याला गाडीसकट उतरवते आणि दुसऱ्या टोकाहून गुहेची छोटी बोट निघते. मधे साठेक किलोमीटर एकपदरी रस्ता. समोरून गाडी आली की बाजूच्या फुगीर जागेत थांबायचं, आणि दोन्ही गाड्यांनी एकमेकांना हात करायचा. बायको मागच्या सीटवरून मेंढ्यांनाही हात करत होती. तीसुद्धा खुशीत होती, मीसुद्धा होतो. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे तसं काही नोंदवण्यासारखं नाही.

जायचं होतं स्टाफा नावाच्या बेटावर. तिथे वस्ती नाही. तिथे फिंगल्स केव्ह नावाची समुद्रात उघडणारी गुहा आहे, जिच्या भिंती काळ्या दगडाच्या षटकोनी खांबांच्या आहेत. तिकीट माणशी चाळीसेक पौंड. चौघांचे रुपये करू नका असं लेकीने बजावलं होतं, म्हणून मी ते मनातच केले. अठरा हजारांच्या वर गेले.

बोटीवर माझ्या शेजारी त्या बाई बसल्या.

सत्तरीच्या असतील. लाल जाकीट, गळ्यात दुर्बीण, मांडीवर डबा. यॉर्कशरच्या, निवृत्त भूगोल शिक्षिका. शिक्षिका निवृत्त होते, भूगोल होत नाही, हे मला पुढच्या तासाभरात कळलं. आयोना बेटाचा धक्का मागे पडला तसा पाण्याचा रंग बदलला आणि बोट पुढे जाण्याऐवजी वर-खाली जायला लागली. माझ्या पोटात काहीतरी कूस बदलतंय असं वाटलं. नेमक्या त्याच क्षणी बाईंनी डबा उघडला. अंड्याचं सँडविच.

‘इंडिया?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘इंडियात कुठे?’

‘मुंबई.’

साधारणपणे हे संभाषण इथे संपतं. समोरचा ‘ओ, लव्हली’ म्हणतो आणि दोघंही समुद्राकडे बघतात.

‘मुंबईत कुठे?’

‘अंधेरी,’ मी म्हणालो. आता पुढे काही येणं शक्यच नव्हतं.

‘वेस्ट?’

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. बाईंचे डोळे लकाकले होते. ‘म्हणजे गिल्बर्ट हिल!’ त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की पुढच्या बाकावरची दोन जर्मन पोरं वळली. ‘तुम्ही गिल्बर्ट हिलच्या शेजारी राहता! आणि इथे आलात?’

आता हे समजून घ्या. गिल्बर्ट हिल हे नाव मला माहीत होतं, पण रस्त्याचं. माझे दातांचे डॉक्टर गिल्बर्ट हिल रोडवर बसायचे. रिक्षावाल्याला ‘गिल्बर्ट हिल रोडवरून घ्या’ असं मी शेकडो वेळा सांगितलं असेल. हा गिल्बर्ट कोणीतरी जुना साहेब असावा, आणि त्याची हिल बिल्डरने केव्हाच संपवली असावी, असं माझं साधं गणित होतं. इमारतींच्या मागे एक काळा सुळका दिसायचा खरा. पण अंधेरीत माणूस वर बघत नाही, खाली बघतो. खड्डे असतात.

बाईंनी मला माझी अंधेरी शिकवायला घेतली. तो सुळका म्हणजे साधारण साठ मीटर उंचीचा अखंड काळा बेसाल्ट. खांबाखांबांचा. वय सहा कोटी साठ लाख वर्षं. ‘स्टाफापेक्षा तुमचं मोठं आहे,’ त्या म्हणाल्या. मोठं म्हणजे वयाने. त्या जगभर असले खांब बघत फिरतात. उत्तर आयर्लंडचा जायंट्स कॉजवे झाला, अमेरिकेत वायोमिंगचा डेव्हिल्स टॉवर झाला, आर्मेनियात कुठलीशी घळ झाली, आणि एका फेब्रुवारीत खास तेवढ्यासाठी अंधेरी झाली. लोक ताजमहाल बघायला येतात. या बाई विमानतळावरून माझ्या डेंटिस्टच्या गल्लीत गेल्या होत्या.

‘वर देऊळ आहे ना, काय बरं...’

‘गावदेवी,’ मी म्हणालो. गावदेवी म्हटलं की मुंबईत कुठेही चुकत नाही.

‘करेक्ट! तुम्ही वर जात असालच.’

‘नेहमी,’ मी म्हणालो.

का म्हणालो, माहीत नाही. परदेशात माणूस देशाची अब्रू राखायला जातो आणि स्वतःची घालवतो.

बोट आता एका बाजूला कलायची, तिथे विचार करत थांबायची आणि मग दुसऱ्या बाजूला कलायची. बाईंना त्याचं काही नव्हतं. स्टाफा समोर दिसायला लागलं होतं आणि मला ते नीट समजावं म्हणून त्यांनी सँडविच माझ्या नाकाखाली आडवं धरलं.

‘खालचा ब्रेड म्हणजे ज्वालामुखीची राख, दाबून बसलेली. वरचा ब्रेड म्हणजे वेडावाकडा फुटलेला दगड. आणि मधे,’ त्यांनी दोन बोटांनी दाबून अंड्याचं सारण बाहेर काढलं, ‘मधे आपले खांब! लाव्हा सावकाश थंड झाला की आकसतो. आकसला की तडकतो. चिखल सुकल्यावर तडकतो ना, तसा. आणि तडा थंड झालेल्या बाजूकडून आत आत सरकत जातो, म्हणून खांब होतात. कळलं?’

मी मान हलवली. मान हलवणं ही चूक होती.

‘मग समुद्र आला,’ असं म्हणून बाईंनी सँडविचचा कोपरा दातांनी तोडला आणि उरलेला तुकडा, त्यातल्या अर्धगोल भोकासकट, मला दाखवला. ‘फिंगल्स केव्ह!’

पिवळा एक थेंब माझ्या बुटावर पडला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्यांचं बोलणं तोंडभर घासातून चालूच होतं. १८४७ साली व्हिक्टोरिया राणी होडीत बसून या गुहेत गेली होती. १९८६ साली एका अमेरिकन माणसाने हे अख्खं बेट विकत घेतलं, स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं, आणि हे सगळं बायकोच्या वाढदिवसाची भेट म्हणून!

एवढं एकच वाक्य माझ्या बायकोला नेमकं ऐकू आलं. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ‘मला पन्नाशीला मिक्सर,’ ती म्हणाली आणि पुन्हा समुद्राकडे वळली.

तेवढ्यात स्पीकरवर संगीत सुरू झालं. मेंडेल्सन या जर्मन संगीतकाराचं. तो विशीतला पोरगा १८२९ साली इकडे आला होता. त्यालाही बोट लागली, चांगली सपाटून लागली. पण पठ्ठ्याने या संगीताची सुरुवातीची धून आदल्याच दिवशी लिहून बहिणीला पाठवण्याच्या पत्रात टाकली होती, गुहा बघायच्या आधी. याला म्हणतात नियोजन. ज्याला काही निर्मिती करायची आहे त्याने ती बोटीत चढण्यापूर्वी उरकावी. नंतर जे निर्माण होतं ते बहिणीला पाठवता येत नाही.

गुहेसमोर कप्तानाने इंजिन मंद केलं. बोट चालते तेव्हा लाटा कापते. थांबते तेव्हा लाटा तिला धरून घुसळतात. कप्तान स्पीकरवरून काहीतरी म्हणाला, त्यातला एकच शब्द मला कळला, ‘सॉरी’. लेकीने भाषांतर केलं. लाटांचा फुगवटा जास्त आहे, धक्क्याला बोट लावता येणार नाही, उतरता येणार नाही.

म्हणजे मला बोट लागली आणि बेटाला लागली नाही.

आता खरं सांगतो, दोन क्षण मला ती गुहा दिसली. कंपासपेटीतल्या षटकोनी पेन्सिली गठ्ठ्याने रबरात बांधून उभ्या कराव्यात तसे खांब, आणि मधे कमानीखाली अंधार. लाट आत गेली. काही वेळ काहीच झालं नाही. मग आतून एक खोल ‘घुम्म’ आलं, कोणीतरी रिकाम्या पिंपावर मूठ मारावी तसं. गेलिक भाषेत हिच्या नावाचा अर्थ ‘सुरेल गुहा’ असा होतो म्हणे. उगाच नाही होत. अंगावर काटा आला. निदान मला वाटलं तो काटा आहे.

‘गावदेवीला वर जाताना दगडात कोरलेल्या पायऱ्या आहेत ना,’ बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘त्यांना आता कठडा केलाय का? मी गेले तेव्हा फार घाबरले होते.’

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटाने मला वेळेवर मदत केली. मी उठून कठड्याकडे धावलो. चुकीच्या कठड्याकडे. ‘वारा! वारा!’ असं ओरडत बाई मागून आल्या, मला जाकिटाच्या कॉलरला धरून बोटीच्या दुसऱ्या अंगाला ओढत नेलं आणि वर्गातल्या वांड पोराला धरावं तसं कठड्यावर वाकवून धरून ठेवलं. मला घट्ट आठवतंय, त्यांच्या दुसऱ्या हातात सँडविच होतं.

खाली पाण्यात एक पफिन तरंगत होता. रंगीत चोच, चोचीत मांदेलीसारखे चंदेरी मासे आडवे धरलेले. उतरलो असतो तर हे पक्षी हातभर अंतरावर येऊन बसतात. माणसं असली की त्यांना मोठ्या समुद्रपक्ष्यांची भीती नसते, म्हणून त्यांना माणसं आवडतात, ही माहितीही बाईंनी मला त्याच अवस्थेत दिली. या पफिनला मी आवडलो नाही. त्याने एकदा वर बघितलं आणि बुडी मारली.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला आल्याचं बिस्कीट दिलं. ते लागू पडलं, हे आणखीच वाईट. मग म्हणाल्या, ‘वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या घरामागे आहेच की.’ आणि थोडं थांबून, ‘पण तुम्ही तिच्या अंगाला इतक्या इमारती का लागू देता?’

तुम्ही! जणू मी सकाळी उठून बांधकामाच्या परवानग्या वाटतो. २००७ साली महापालिकेने त्या टेकडीला वारसा यादीत घातलं, दुसऱ्या श्रेणीत, हे रात्री जावयाने फोनवर शोधून मला सांगितलं. तोवर तिचे लचके खाणवाल्यांनी तोडून झाले होते. इथे समुद्राने एक लचका तोडला तर व्हिक्टोरिया राणी बघायला येते, आणि आपण चारही बाजूंनी तोडले तर डेंटिस्टचा पत्ता तयार होतो. मला बाईंचा राग आला होता तो त्या खोटं बोलत होत्या म्हणून नाही. त्या सँडविच खात खात खरं बोलत होत्या.

धक्क्यावर मी तिकिटाचं विचारलं. उतरवलंच नाहीत, तर निदान अर्धे पैसे? तिकीट तपासणाऱ्या मुलाने अतिशय गोड हसून तिकिटाच्या मागची बारीक अक्षरं दाखवली. बेटावर उतरवण्याची हमी नाही. ‘पण गुहा तर बघितलीत ना, सर?’ त्याला काय सांगणार? चाळीस पौंड भरून मी बोटीची बाहेरची बाजू बघितली, आणि तिला रंगाची गरज आहे. लेक म्हणाली, ‘बाबा, जाऊ दे ना, अनुभव म्हणून बघा.’ हल्ली ज्याचे पैसे परत मिळत नाहीत त्याला अनुभव म्हणतात.

जावईबापू शांत स्वभावाचे आहेत. ते दिवसभर फोटो काढत होते. रात्री त्यांनी त्यातला सर्वांत ‘कंपोझिशन असलेला’ फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. मागे कमानदार काळी गुहा, पुढे मी कमरेत वाकून हात जोडल्यासारखे कठड्यावर टेकलेले, आणि शेजारी लाल जाकिटातल्या बाई माझ्या मानेवर हात ठेवून उभ्या.

डोंबिवलीच्या आत्याचा मेसेज पहाटे आला. ‘फारच छान! डोळे भरून आले. कुठलं देवस्थान? शेजारच्या बाई तिथल्या पुजारीण का?’

मी काय लिहावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात बायकोने आपल्या फोनवरून उत्तर टाकलंसुद्धा.

‘स्कॉटलंडचं जागृत आहे. अंधेरीला शाखा आहे.’