‘एएमडी तापतो, जुना का होईना पण आय-७च घ्या’ : त्या मेसेजमध्ये खरं किती?

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, गाभा तोच असतो. ‘लॅपटॉप घेताय? थांबा! एएमडीचा प्रोसेसर तापतो, आपल्या खान्देशात एक उन्हाळाही काढत नाही. इंटेल ओरिजिनल कंपनी, एएमडी तिची कॉपी. टॅली, ऑटोकॅड, डिजिटल सहीचं डोंगल एएमडीवर चालत नाही. गीगाहर्ट्‌झ बघा, जास्त तो फास्ट. नव्या आय-३वर पैसे घालवू नका, तेवढ्यात जुना आय-७ येतो. आणि एएमडी विकायला गेलात तर कोणी विचारत नाही.’ खाली जोडलेले हात आणि ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’. (इंटेल आणि एएमडी या प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, काढणाऱ्या दोन कंपन्या. आय-३, आय-५, आय-७ ही इंटेलच्या प्रोसेसरची नावं.)

पालकांपर्यंत तो पोहोचतोच. पोरगं पुण्याला नाहीतर नाशिकला इंजिनिअरिंगला निघालेलं असतं, केळीच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, थोडे पैसे बाजूला काढलेले असतात, आणि दुकानदाराने एएमडीचं मशीन टेबलावर ठेवलं की आप्पा खिशातून मोबाइल काढून त्याच्यापुढे धरतात, ‘तपस ना भो ते!’ मी दुरुस्तीच्या धंद्यात आहे. हा मेसेज वाचून घेतलेली मशीनं पुढे माझ्याच टेबलावर येतात, म्हणून एकेक दावा धरून बोलतो.

उन्हाचा दावा सगळ्यात मोठा, त्याच्यापासून सुरुवात करू. ही समजूत हवेतून आलेली नाही. २००१ साली एका परदेशी संकेतस्थळाने चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरची हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचलून बघितली होती. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला; इंटेलचा पेंटियम-४ मंदावला, पण चालत राहिला. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला आणि ‘एएमडी जळतो’ हे लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे २०१३मध्ये एएमडीनेच एफएक्स-९५९० नावाचा २२० वॅटचा प्रोसेसर बाजारात आणून त्या समजुतीला खतपाणी घातलं. पण इंटेलचं काय? २००४मधला प्रेस्कॉट पेंटियम-४ इतका तापायचा की त्याच वर्षी इंटेलला ४ गीगाहर्ट्‌झचा पेंटियम-४ काढायचा बेत सोडून द्यावा लागला. अलीकडच्या कोर आय९-१४९००केला पूर्ण जोर लावला की २५३ वॅटपर्यंत वीज लागते. तापण्यात दोघांनीही एकमेकांना हार दिलेली नाही.

आणि ही सगळी डेस्कटॉपची उदाहरणं झाली. पोरांसाठी घेतो त्या लॅपटॉपमध्ये किती उष्णता तयार होणार हे मुख्यतः प्रोसेसर किती वॅटवर चालवलाय यावर ठरतं. १५ वॅटचा इंटेल आणि १५ वॅटचा एएमडी हे उष्णतेच्या बाबतीत सख्खे भाऊ. मॉडेलच्या शेवटी ‘यू’ असेल तर साधारण १५ वॅटचा वर्ग, ‘एच’ असेल तर ४५चा. हा आकडाही लांब वेळ सलग काम चालू असतानाचा. थोड्या वेळासाठी प्रोसेसर त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज ओढतो, त्यात इंटेलचा ‘यू’वाला ५५ वॅटपर्यंत जातो.

आता आपल्या मे महिन्याचं गणित मांडून बघा. लॅपटॉपचे प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत तापू देतात, मग स्वतःहून वेग कमी करतात. तरीही तापमान चढलं तर मशीन बंद होतं. ही सोय आज दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये आहे, २००१सारखा धूर निघण्याचा प्रश्नच नाही. पुण्यात खोलीचं तापमान २८ असेल तर पंख्याला जवळपास ७० अंशांची मोकळीक मिळते. भुसावळला दुपारी पत्र्याच्या खोलीत ४५ असेल तर ती पन्नासवर येते. म्हणजे तेच मशीन, तोच प्रोसेसर, तरी आपल्याकडे मंद चालणार. इंटेलही मंद चालणार, एएमडीही. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं, ते पान कोणी उघडत नाही. (आजोबांच्या धाब्याच्या घरात बसून अभ्यास करणारा पोरगा या बाबतीत एसीवाल्याच्या बरोबरीला येतो, हे जाता जाता.)

तरीही ‘एएमडीचाच तापला’ असं लोक शपथेवर सांगतात, त्याचं कारण बऱ्याचदा मशीन उघडल्यावर कळतं. स्वस्त लॅपटॉपमध्ये एकच पंखा आणि एकच तांब्याची नळी असते, आणि आपल्याकडे स्वस्त मशीनमध्ये अनेकदा एएमडी बसवलेला असतो. दोष असतो पंख्याचा, नाव जातं प्रोसेसरचं. त्यात आपली हवा. जिनिंगच्या ऑफिसात वापरलेला लॅपटॉप उघडला की पंखा आणि हीटसिंकच्या पात्या यांच्यामध्ये रुईचा अखंड थर बसलेला दिसतो, जुन्या गादीतून निघतो तसा. चिमट्याने टोक धरून ओढलं की एका तुकड्यात बाहेर येतो. नुसता ब्लोअर मारून तो हलत नाही, उलट आत आणखी घट्ट बसतो. पंखाच काढावा लागतो. थर निघाला, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली की ‘तापणारा’ प्रोसेसर निमूट चालायला लागतो. दालमिलमधून आलेल्या मशीनमध्ये हेच काम पिठूळ धूळ करते. त्या धुळीला वर कुठला स्टिकर आहे ते कळत नाही.

खान्देशच्या उन्हाळ्यात खरी मरते ती बॅटरी. दिवसभर चार्जरला लावलेला लॅपटॉप गरम खोलीत ठेवला की लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते, कधी फुगते आणि टचपॅड वर उचलते. ती ना इंटेल बनवतं ना एएमडी. कूलरबद्दलही एक सांगून टाकतो: कूलर खोलीत जरूर लावा, पण त्याच्या थेट झोतात, तुषार उडतात तिथे लॅपटॉप ठेवू नका. आपल्या क्षाराच्या पाण्याने बोर्डाच्या कडेला पांढरी बुरशीसारखी रेघ आली की ते काम महागात जातं.

‘एएमडी ही इंटेलची कॉपी’ यात अर्धं सत्य आहे, आणि उरलेलं अर्धं मेसेजवाल्याला माहीत नसावं. इंटेल १९६८ची, एएमडी १९६९ची. दोन्ही काढल्या त्या फेअरचाइल्ड या एकाच कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी. आयबीएमने १९८१च्या पहिल्या पीसीत इंटेलचा ८०८८ घेतला, पण एकाच पुरवठादारावर भिस्त ठेवायची तिची तयारी नव्हती. म्हणून १९८२मध्ये करार होऊन एएमडी तेच प्रोसेसर रीतसर परवान्याने बनवू लागली. पुढे ३८६वरून दोघांचं फाटलं, वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले.

मग २००३ साल आलं. ६४ बिटकडे जायचं तर इंटेलने इटॅनियम नावाची वेगळीच वाट धरली होती. एएमडीने जुन्या ३२ बिटच्या प्रोग्रॅमना धक्का न लावता त्याच रचनेला ६४ बिटची जोड दिली आणि ऑप्टेरॉन, अ‍ॅथलॉन-६४ हे प्रोसेसर काढले. बाजाराने ते उचलले. २००४मध्ये इंटेललाही तीच रचना स्वीकारावी लागली. आज ‘ओरिजिनल’ इंटेलच्या ज्या प्रोसेसरवर तुमचं ६४ बिटचं विंडोज चालतं, त्यातली ही ६४ बिटची आज्ञावली एएमडीने आखलेली आहे. २००९मध्ये इंटेलने एएमडीला सव्वा अब्ज डॉलर देऊन जुने खटले मिटवले, आणि एकमेकांची पेटंटं वापरायचा करारही तेव्हा नव्याने झाला. कारखान्याचं म्हणाल तर एएमडी आपले मुख्य प्रोसेसर तैवानच्या टीएसएमसीकडून करून घेते, आणि २०२४मध्ये आलेल्या इंटेलच्या कोर अल्ट्रा २००व्हीचा मुख्य भागही त्याच टीएसएमसीकडे बनतो. ओरिजिनल नि डुप्लिकेट शोधायचं तर चार्जरमध्ये शोधा, तिथे खरंच फसवणूक चालते.

सॉफ्टवेअरचा दावा निखालस चुकीचा आहे. आज्ञावली एकच असल्यामुळे टॅली, ऑटोकॅड, मराठी टायपिंग, सहीचं डोंगल (यूएसबीत खोचायची डिजिटल सहीची किल्ली) हे सगळं दोन्हीकडे सारखंच चालतं. भीती बाळगायचीच असेल तर ती तिसऱ्या ठिकाणी बाळगा. २०२४पासून क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप आले आहेत. त्यांची आज्ञावली मोबाइलसारखी, आर्म पद्धतीची. बॅटरी छान टिकते, नेहमीचे प्रोग्रॅमही रूपांतर होऊन चालतात, पण ड्रायव्हरचं, म्हणजे प्रिंटरसारखं जोडलेलं यंत्र चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं, तसं रूपांतर होत नाही. कंपनीने आर्मसाठी वेगळा ड्रायव्हर दिलेला नसेल तर जुना प्रिंटर किंवा सहीचं डोंगल अडू शकतं. सीए किंवा कर सल्लागाराकडे काम करणाऱ्याने घेण्याआधी एवढं विचारून घ्यावं.

एका कामात मात्र इंटेल खरोखर पुढे आहे आणि ते सांगायला हवं. लग्नाचं शूटिंग करणारी पोरं आता चांगल्या कॅमेऱ्यांवर १० बिट ४:२:२ प्रकारचा एचईव्हीसी व्हिडिओ घेतात. रंगाची जास्त माहिती ठेवणारा हा दाबून भरलेला व्हिडिओ उलगडण्याची सोय इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये असते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये ती नाही, त्यामुळे एडिटिंगच्या वेळी टाइमलाइन अडखळते. तुमचं पोट त्यावर असेल तर इंटेल घ्या. मेसेजमध्ये हा मुद्दा असता तर मी गप्प बसलो असतो.

गीगाहर्ट्‌झचा निकाल २००६ सालीच लागला आहे. २.४ गीगाहर्ट्‌झच्या कोर-२-डुओने ३.८ गीगाहर्ट्‌झच्या पेंटियमला मागे टाकलं होतं, तेही इंटेलच्याच घरात. एका ठोक्याला किती काम होतं ते महत्त्वाचं. पुढे.

आता जुन्या आय-७चा दावा. मेसेजमधला हा सगळ्यात घातक भाग, कारण यात खिशातले पैसे जातात. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप ठोकाने येतात, घासूनपुसून, नवा कीबोर्ड बसवून ‘रिफर्बिश्ड आय-७’ म्हणून विकले जातात. स्टिकर खरा असतो. पण तो कोणता आय-७, हे त्या चौकोनी स्टिकरवर पूर्ण लिहिलेलं नसतं. समजा आत आय७-६६००यू आहे. २०१५चा प्रोसेसर, दोन कोर (काम करणारे भाग), चार थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), वेग जास्तीत जास्त ३.४ गीगाहर्ट्‌झ. त्याच्यासमोर मेसेजने हिणवलेला आय३-१२१५यू ठेवा: सहा कोर, आठ थ्रेड, ४.४ गीगाहर्ट्‌झ. मेसेजच्याच गीगाहर्ट्‌झच्या कसोटीवर मेसेजचा आय-७ हरतो!

वर विंडोजची कटकट. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचेच प्रोसेसर लागतात, ढोबळमानाने. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सहाव्या पिढीच्या मशीनवर दुकानदार कुठलीतरी युक्ती करून ११ टाकून देतो, टेबलावर ते चालतंही; पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी ते मशीन घेणारा पहिल्या वर्षातच माझ्याकडे येतो.

नव्या मशीनमध्येही ‘७ म्हणजे ५पेक्षा फास्ट’ हे धरून चालू नका. आय७-१२५५यू १५ वॅटच्या वर्गातला, आय५-१२४५०एच ४५ वॅटचा. लांब चालणाऱ्या कामात, व्हिडिओ काढताना किंवा मोठं ड्रॉइंग रेंडर करताना, हा आय-५ त्या आय-७ला मागे टाकतो. एएमडीवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, दोन्ही ‘७०००’ मालिकेचे, एका आकड्याचा फरक. पहिल्यात चार कोर आणि २०१९ची झेन-२ रचना, दुसऱ्यात सहा कोर आणि झेन-३. गिऱ्हाइकाने हे ओळखायचं तिसऱ्या आकड्यावरून, आणि ते सांगायला डब्यावर कोणी नसतं. इंटेलने २०२३च्या अखेरीस यावरून एएमडीची जाहीर टर उडवली. पुढच्याच महिन्यात स्वतः जुन्याच रचनेचे प्रोसेसर ‘कोर ५’, ‘कोर ७’ अशी नवी नावं देऊन बाजारात आणले. दोन्ही घरची भांडी सारखीच वाजतात. म्हणून दुकानात स्टिकर न बघता सेटिंगमधल्या ‘अबाउट’मध्ये जाऊन प्रोसेसरचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा, आणि बिलावर तेच नाव लिहून घ्या. ‘आय-५ लॅपटॉप, एक नग’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका.

शेवटचा दावा, एएमडीला रीसेल नाही. हा मला मान्य आहे. आपल्या बाजारात एकाच वर्षाची, सारख्याच कामाची दोन मशीनं विकायला ठेवली तर एएमडीचं कमी भावाने जातं, आणि त्याचं मोठं कारण हाच मेसेज. नवं घेऊन दोन वर्षांत विकायचं असेल तर हा तोटा हिशेबात धरा. जुनं घ्यायचं असेल तर मात्र हाच भाव तुमच्या बाजूने आहे. २०२१चा रायझन ५ ५६००यू असलेलं मशीन, सहा कोर आणि बारा थ्रेडचं, विंडोज ११ला रीतसर चालणारं, अनेकदा त्या म्हाताऱ्या आय-७च्या आसपास मिळून जातं. घेताना ते दुकानातच अर्धा तास चालवून बघा, पंख्याचा आवाज ऐका, आणि विंडोजमधूनच बॅटरीचा अहवाल काढायला लावा. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता दोन्ही दिसतात. आजची निम्म्याच्या खाली गेलेली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे तिथल्या तिथे भावातून कापून घ्या.