मुलाखतीला जाताना कडक भाकरी जवळ ठेवावी

अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावर 50 टक्के आयात शुल्क लावले आणि सोलापुरातील माझ्यासारख्या अनेकांना अचानक भरपूर मोकळा वेळ मिळाला. टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात मी कागदपत्रांचे काम पाहत असे. शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, लेटर ऑफ क्रेडिट आणि यांपैकी कशात एक अक्षर चुकले की बँकेत अडकून बसणारे पैसे, एवढे माझे जग होते. ऑर्डरी थांबल्या, मग पाळ्या कमी झाल्या, मग कार्यालयातील खुर्च्या कमी झाल्या. तेव्हापासून नोकरी शोधण्याच्या शास्त्रात मी जी प्रगती केली आहे, तिचा लाभ इतर होतकरू मंडळींनाही व्हावा, या शुद्ध हेतूने पुढील सूचना करीत आहे. त्या पाळल्याने नोकरी मिळेलच असे नाही. परंतु ती न मिळण्याचा दोष सर्वस्वी आपलाच आहे, याविषयी आपली खात्री मात्र नक्की पटेल.

सर्वप्रथम, बायोडेटा माणसाने वाचावा म्हणून लिहिण्याची जुनी सवय सोडून द्यावी. तो आधी संगणक चाळतो आणि जाहिरातीतले शब्द त्यात सापडले नाहीत, तर तो पुढे कोणाच्या नजरेसही पडत नाही. म्हणून जाहिरातीत जे जे असेल ते ते आपण आहोत, असे निःसंकोच लिहावे. त्यानंतर तो बायोडेटा कंपनीच्या संकेतस्थळावर चढवावा आणि चढवून झाल्यावर त्यातील प्रत्येक ओळ खालच्या रिकाम्या चौकटींत पुन्हा एकदा टंकित करावी. हे का, असे विचारू नये.

वय पस्तिशीच्या पुढे जाऊ देऊ नये.

पगाराचा विषय आपण होऊन काढू नये, कारण ते असंस्कृतपणाचे लक्षण समजले जाते. जाहिरातीत पगाराच्या जागी ‘उद्योगातील सर्वोत्तम’ असे लिहिलेले असते आणि सर्वोत्तम गोष्टींना आकडा नसतो. आपला सध्याचा पगार मात्र पहिल्याच फोनवर, नाव सांगण्याच्या आधी, पावत्यांसह सांगावा. पलीकडून त्यावर जो मंद उसासा ऐकू येतो, तो आपला पगार फार असल्याचा आहे की फार कमी असल्याचा, हे शेवटपर्यंत कळत नाही. तरुणांनी याबाबत निराश होण्याचे काहीच कारण नाही. संगणक क्षेत्रातील बड्या कंपन्यांनी नवख्या अभियंत्यांसाठी वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासचा जो आकडा दहा-बारा वर्षांपूर्वी ठरवला, तो आजही बहुतेकांसाठी जवळपास तोच आहे. पुण्यातील खोलीभाडे, पेट्रोल आणि मेसचा डबा यांना ही स्थितप्रज्ञता साधलेली नाही, हा त्यांचा दोष.

नातेवाइकांचा सल्ला अव्हेरू नये. लग्नकार्यात आपल्याला पाहताच आत्या, काका आणि काकांचे व्याही एकमुखाने ‘सरकारी बघ की’ असे सांगतात, ते अनुभवाचे बोल असतात. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते आणि खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला त्यासाठी 1,000 रुपये परीक्षा शुल्क भरावे लागले होते. पुढे गुणांचे सामान्यीकरण होऊन, म्हणजे वेगवेगळ्या सत्रांतील सोप्या-अवघड पेपरांचे गुण एका पातळीवर आणताना, 200 पैकी 214 गुण मिळवणारे उमेदवारही यादीत झळकले. म्हणजे आपण पैकीच्या पैकी गुण मिळवले तरी चौदा गुणांनी मागेच. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज होते. त्या उमेदवारांनी मैदानावर भर पावसाळ्यात धावून दाखवले. तेव्हा ‘सरकारी बघ की’ हे ऐकून मान डोलवावी आणि जिलेबी घ्यावी.

‘स्वतःचे काहीतरी सुरू कर’ असे म्हणणाऱ्याकडे भांडवल मागून पाहावे. तो विषय तिथेच संपतो.

नवी कौशल्ये आत्मसात करणे तर आता अनिवार्यच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम मासिक हप्त्यांवर उपलब्ध असून नोकरी नसलेल्या माणसाला तो हप्ता कसा परवडतो, हे अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. वास्तविक सोलापूरला व्यवसाय बदलण्याचे वावडे कधीच नव्हते. लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली, नरसिंग गिरजी गिरणी बंद पडली, तेव्हा साचा चालवणारी माणसे रिक्षा चालवू लागली, कोणी सोसायटीच्या फाटकावर उभे राहिले, कोणी पूर्व भागात दुसऱ्याच्या यंत्रमागावर निम्म्या मजुरीत उभे राहिले. त्यांना कोणी प्रमाणपत्र दिले नाही आणि बायोडेट्यातील रिकाम्या वर्षांचा जाबही विचारला नाही, एवढे त्यांचे नशीब.

नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत किंवा गणवेशाचे पैसे आधी मागणाऱ्याला ते लगेच पाठवून द्यावेत, म्हणजे निदान एकाचा तरी रोजगार चालू राहतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या सूचनेकडे येतो. कंपनीने ‘एक छोटेसे असाइनमेंट’ दिले, तर ते आनंदाने, विनामोबदला आणि दोन दिवसांत पूर्ण करून द्यावे. मलाही नुकतीच ही संधी लाभली. पुण्यातील एका व्यापारी कंपनीने फोनवरच्या दोन फेऱ्या झाल्यावर मला लिहिले की, आपली विचार करण्याची पद्धत समजून घ्यावी एवढाच हेतू आहे, तरी अमेरिकेला जाणारा टॉवेल अन्यत्र कोठे आणि कोणत्या भावाने विकता येईल, याचा आराखडा सोबत जोडलेल्या मालाच्या यादीवरून तयार करून पाठवावा. सोबतची यादी कल्पित नव्हती. तिच्यात वजन, रंग, नग आणि खोक्यांची मापे होती. खरा माल कुठेतरी गोदामात पडून आहे, हे मला ती उघडताच कळले. तरीही मी काम केले. ब्रिटनशी 24 जुलै 2025 रोजी व्यापार करारावर सह्या झाल्या असल्या, तरी सवलत तो प्रत्यक्ष लागू झाल्यावरच धरता येईल, हे लिहिले. युरोपात पाकिस्तानचा टॉवेल शुल्काविना उतरतो आणि आपल्याला शुल्क भरावे लागते, त्यामुळे साध्या मालात स्पर्धा करण्यापेक्षा कोणत्या जाडीच्या आणि कोणत्या विणीच्या मालात आपण टिकू, हे मांडले. बंदरापर्यंतचे भाडे, जहाजाचे भाडे, विमा, निर्यातीवरचा शुल्क-परतावा, बँकेचा खर्च असे सारे धरून हॅम्बुर्गसारख्या प्रत्येक बंदरासाठी वेगळा तक्ता केला. इतक्या वर्षांत मी जे शिकले, ते सगळे त्यात घातले, कारण मला ती नोकरी हवी होती.

मग ‘प्रत्यक्षच भेटू या’ असे कळवण्यात आले. येथे एक उपसूचना करावीशी वाटते. सोलापूरच्या उमेदवाराने मुलाखतीला जाताना सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्स्प्रेस धरावी. वंदे भारत फेब्रुवारी 2023 पासून धावते आहे, परंतु तिच्या भाड्याची चौकशी बेकाराने करू नये. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी अवश्य असावी, कारण अकराची मुलाखत दोन वाजता होते, ‘दहा मिनिटे बसा हं मॅडम’ या दहा मिनिटांत उठून खाली जाण्याची सोय नसते, आणि स्वागतकक्षात पाण्याखेरीज काही विचारत नाहीत. कडक भाकरीचा मोठा गुण असा की ती कितीही वेळ थांबली तरी तिचे काही बिघडत नाही.

आत गेले तेव्हा समोरच्या तरुणाने माझा बायोडेटा पहिल्यांदाच उघडला. ‘अच्छा, तुम्ही सोलापूरहून आजच आलात?’ असे त्याने विचारले. पुण्याला राहायला येणार का, मुले किती, मुलांना कोण सांभाळेल, घरच्यांची हरकत नाही ना, असे सर्व विचारून झाले. टॉवेलविषयी एकही प्रश्न नव्हता. त्याच्या शेजारच्या गृहस्थांसमोर माझा आराखडा छापून ठेवलेला होता. मला माझे तक्ते ओळखू आले. मुखपृष्ठ काढलेले होते, म्हणजे माझे नावही काढलेले होते, आणि कडेला निळ्या शाईने कोणा दुसऱ्याने खुणा करून ‘हॅम्बुर्ग आधी’ असे लिहिले होते. मुलाखत चहा निवण्याच्या आत संपली. जागा तूर्त स्थगित आहे, तरी आम्ही कळवू, असे ते म्हणाले. जागा स्थगित होती, तर मला अडीचशे किलोमीटर बोलावले कशासाठी? परतीची हुतात्मा सहाला सुटते. तोपर्यंत स्थानकावर बसून मी हाच विचार करीत होते. त्यानंतर पाठवलेल्या एकाही पत्राला उत्तर आले नाही. त्याच पदाची जाहिरात मात्र पुढच्याच आठवड्यात पुन्हा आली, आणि तिच्या तळाशी ‘निवडक उमेदवारांना एक छोटेसे असाइनमेंट दिले जाईल’ हे वाक्य होते. आता पुढच्या उमेदवाराकडून बहुधा रोटरडॅमचे तक्ते करून घेतील.

माझी आई विड्या वळत असे. कारखान्यातून पान-तंबाखू मोजून मिळायचे आणि तयार विड्या जमा करताना त्यांतील काही खराब म्हणून बाजूला काढल्या जायच्या. त्यांची मजुरी मिळत नसे, पण त्या परतही मिळत नसत, कारखान्यातच राहात. घरी आल्यावर आई म्हणायची, ‘खराब होत्या तर ठेवून का घेतल्या?’ आराखड्याचा हा व्यवहार अगदी तसाच आहे. फरक एवढाच की 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या विड्यांच्या आणि त्यांच्या मजुरीच्या वादाचा निवाडा करण्याची तरतूद निदान कागदावर तरी होती. आम्हा शिकलेल्या उमेदवारांच्या नाकारलेल्या आणि तरीही ठेवून घेतलेल्या कामाचा निवाडा कोणाकडे मागायचा?

नोटीस कालावधीबद्दल एकच सांगते: नव्या ठिकाणी उद्या रुजू व्हावे आणि जुन्या ठिकाणी नव्वद दिवस काढावेत, हे दोन्ही एकाच वेळी जमत नसेल तर आपल्यात वेळेचे नियोजन नाही असे समजावे.

खरे तर यापुढे आणखी सूचना लिहायच्या होत्या, पण आता ते सोंग पुरे झाले. उमेदवारांना शिकवण्यासारखे आता फारसे उरलेले नाही. त्यांचे सगळे शिकून झाले आहे. शिकायचे आहे ते तुम्ही, माणसे निवडणाऱ्यांनी.

ज्या कारखानदारांनी मला कामावरून कमी केले, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी आम्हाला समोर बसवले, ऑर्डरींची वही उघडून दाखवली, परवडत नाही हे स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि सगळा हिशेब चुकता केला. ते बोलताना त्यांचा आवाज अडखळत होता, पण त्यांनी ते काम दुसऱ्या कोणावर ढकलले नाही. काढून टाकतानाही एवढे करता येते. तुमच्याकडे तर आम्ही अजून कामालाही नव्हतो. तुम्हाला फक्त ‘नाही’ म्हणायचे होते आणि तेही तुम्हाला जमले नाही. तुमच्याकडे अर्ज फार येतात, हे कारण सांगू नका. अर्ज आल्याची पोच क्षणात पाठवणारा तुमचा संगणक नकाराच्या दोन ओळी पाठवायला थकत नाही. पाठवा असे त्याला तुम्ही सांगत नाही. जाहिरातीत पगाराचा आकडा लिहायला तुम्हाला कोणी मनाई केलेली नाही. तो लिहिला असता, तर ज्यांना तो पुरत नाही त्यांनी अर्जच केला नसता आणि तुमचेही कष्ट वाचले असते. जागा आधीच कोणाच्या मेहुण्याला ठरलेली असेल, तर कोरम भरण्यासाठी बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून माणसे बोलावू नका. त्यांनी गाडीभाड्याचे पैसे कोणाकडून तरी उसने घेतलेले असतात. मुले कोण सांभाळणार, हा प्रश्न पुरुष उमेदवारांना विचारता का, ते एकदा आपल्या मुलाखतीच्या कागदांत तपासून पाहा.

आणि काम पाहायचे असेल तर खोट्या मालाची यादी द्या, तासाभरात होईल एवढेच द्या, तुमच्यासमोर बसवून करून घ्या. खरा माल, खरी गोदामे आणि खरे भाव देऊन करून घेतलेल्या कामाला परीक्षा म्हणत नाहीत. बाजारात सल्लागार मिळतात, त्यांचे दर ठरलेले असतात, आणि ते दर तुम्हाला माहीत आहेत म्हणूनच तुम्ही उमेदवारांकडे येता. बाजार वाईट आहे आणि आम्हाला गरज आहे, एवढ्या एका गोष्टीवर हा सगळा उद्योग चालतो. याची लाज वाटायला हवी.

तो आराखडा वापरला असेल, तर त्याचे पैसे पाठवा. बँकेचा तपशील मी पहिल्याच अर्जात तुमच्या चौकटीत भरलेला आहे. वापरला नसेल, तर तसे लेखी कळवा आणि ती छापील प्रत माझ्या नावाच्या मुखपृष्ठासह परत करा.