पंधरा वर्षं वुडन काय ‘हरत’ होते?

तो व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड परवा पुन्हा आला. अमेरिकेतल्या जॉन वुडन या बास्केटबॉल कोचची गोष्ट. यूसीएलए या कॉलेजात हे गृहस्थ म्हणे पंधरा वर्षं अपयशी ठरले, कॉलेजने धीर धरला, सोळाव्या वर्षी फळ मिळालं, आणि मग १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदं. तीही कशी, तर पोरांना मोजे नीट घालायला शिकवून, जिंकण्याचं नावसुद्धा न काढता, आणि कारकिर्दीवर एकही डाग नाही. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

दहाचा आकडा खरा आहे. १९६४, १९६५, मग १९६७ ते १९७३ सलग सात, आणि शेवटचं १९७५. मोज्यांचंही खरं आहे, त्यावर येतोच. पण बाकीची गोष्ट रंगवायच्या नादात त्या माणसाच्या निम्म्या कारकिर्दीवर बोळा फिरवलाय.

‘पंधरा वर्षं अपयशी’ हे तर धडधडीत खोटं. १९४८ मध्ये वुडन तिथे रुजू झाले, तेव्हा आधीच्या हंगामात संघाने १२ सामने जिंकले होते नि १३ हरले होते. नव्या कोचचा संघ गटात तळाला राहणार, असा जाणकारांचा होरा होता. पहिल्याच वर्षी २२ विजय, ७ पराभव. तिथल्या एकूण २७ वर्षांत एकही हंगाम असा गेला नाही की पराभव विजयांपेक्षा जास्त झाले. सगळ्यात वाईट वर्ष १९५९-६० चं, तेही १४-१२. पहिल्या राष्ट्रीय विजेतेपदाआधी संघ पाच वेळा राष्ट्रीय स्पर्धेत पोचला होता, आणि हे ज्या काळात एका लीगमधून एकच संघ घेत त्या काळात. १९५० ला तर अख्ख्या देशातून आठच संघ असायचे! १९६२ च्या उपांत्य फेरीत सिनसिनाटीकडून हरले ते ७०-७२ असे, दोन गुणांनी. याला अपयश म्हणायचं तर मग आपण सगळ्यांनीच तोंड लपवून बसावं.

आणि हे कुठल्या जागेत? जुन्या जिममध्ये प्रॅक्टिसच्या वेळी एका बाजूला कुस्ती, दुसऱ्या बाजूला जिम्नॅस्टिक्स चालायचं. जमिनीवर धुळीचा थर. रोज खेळाआधी वुडन स्वतः बादली घेऊन, शेतावर कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं पाणी शिंपडत पुढे जायचे आणि मागून पोरं फडकं मारायची. १९५५ नंतर आगीच्या नियमांमुळे तिथे फार प्रेक्षक बसवायलाही मनाई झाली, मग ‘घरचे’ बरेच सामने दुसऱ्यांच्या दारात. स्वतःचं मोठं स्टेडियम १९६५ ला मिळालं, म्हणजे दोन विजेतेपदं झाल्यावर.

‘कॉलेजने धीर धरला’ यात तर गंमतच आहे. १९५० मध्ये वुडन यांना त्यांच्या जुन्या कॉलेजातून, पर्ड्यूहून, बोलावणं आलं. त्यांना जायचं होतं. यूसीएलएने आठवण करून दिली की तीन वर्षांच्या कराराचा आग्रह तुम्हीच धरला होता. दिलेला शब्द पाळायचा म्हणून ते राहिले. धीर कुणी धरला म्हणायचा?

मग १९६४ ला बदललं काय? सबुरीचं फळ वगैरे ठेवा बाजूला. असिस्टंट कोच जेरी नॉर्मन यांनी फुल कोर्ट झोन प्रेसचा आग्रह धरला आणि वुडन यांनी तो मानला. एरवी बास्केट झाला की संघ मागे पळत आपल्या अर्ध्यात जातो. यूसीएलएची पोरं जायचीच नाहीत. समोरच्याने चेंडू आत टाकला की तिथेच घेरायचं. दहा सेकंदांत मधली रेघ ओलांडायची असते, त्यात हा गराडा. चेंडू हिसकावला नाही तरी समोरचा घाईला येतो, वेडेवाकडे पास टाकतो, दमतो. दोन-तीन मिनिटांत सामना फिरतो. अंतिम सामन्यात ड्यूकविरुद्ध पहिल्या हाफमध्ये अडीच मिनिटांत सलग १६ गुण काढले आणि ९८-८३ ने जिंकले. हंगाम ३०-०.

इथे कुणीतरी हमखास लिहितं, ‘उंच पोरं मिळाली म्हणून.’ त्या १९६४ च्या पहिल्या पाचांत सहा फूट पाच इंचांच्या वर कुणीही नव्हतं. ड्यूककडे सहा-दहाचे दोघे होते. खरे उंच दोघे नंतर आले: लू अल्सिंडर, म्हणजे पुढचे करीम अब्दुल-जब्बार, हे तीन विजेतेपदांत होते. बिल वॉल्टन दोनांत. उरलेली पाच या दोघांशिवायची. साधी वजाबाकी आहे.

आता मोजे. पहिल्या दिवशी वुडन खरोखरच दाखवायचे: मोजा टाचेपर्यंत ओढा, करंगळीपाशी सुरकुती राहिली का ते हात फिरवून बघा, मग नाडी. कारण साधं, फोड आला की प्रॅक्टिस बुडते. पण हा हजारातला एक बारकावा. दोन तासांच्या प्रॅक्टिससाठी सकाळी तेवढाच वेळ आखणीला, कुठलं ड्रिल किती मिनिटं ते कार्डावर लिहिलेलं. त्यांच्या शेवटच्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञांनी बाकावर बसून त्यांचं बोलणं नोंदवलं. सुमारे तीन-चतुर्थांश बोलणं म्हणजे निव्वळ सूचना: काय कर, कसं कर. शाबासकी आणि चिडणं दोन्ही जेमतेम. फॉरवर्डवाल्यांना हवी असलेली भाषणं त्यात सापडत नाहीत.

जिंकण्याबद्दल ते पोरांशी फार बोलत नसत, हे खरं. म्हणून ते संत होत नाहीत. कार्यक्रमपत्रिकेची सुरळी तोंडाशी धरून रेफ्रींना आणि समोरच्या खेळाडूंना टोचून बोलायची त्यांची सवय होती. ‘एकही डाग नाही’ हेही तपासून लिहावं. सॅम गिल्बर्ट नावाचा श्रीमंत बिल्डर खेळाडूंच्या अवतीभवती असायचा आणि नियमात न बसणाऱ्या सवलती द्यायचा, हे नंतर लॉस एंजेलिस टाइम्सने छापलं. १९८१ ला कॉलेजवर कारवाई झाली ती वुडन निवृत्त झाल्यानंतरच्या काळासाठी, त्यांच्या विजेतेपदांना हात लागला नाही. तरी हा माणूस त्यांच्या काळातही तिथे होता, आणि त्यांनी अधिक बारकाईने बघायला हवं होतं, असं माझं मत.

उलट जे सांगायला हवं ते कुणी पाठवतच नाही. यूसीएलएच्या आधी वुडन इंडियाना स्टेट या कॉलेजात कोच होते. १९४७ मध्ये तो संघ कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरला, पण तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती आणि संघात क्लॅरेन्स वॉकर होता. वॉकर फारसा मैदानात उतरणारा खेळाडू नव्हता, त्याला घरी ठेवून जाता आलं असतं. वुडन यांनी आमंत्रणच नाकारलं. पुढच्या वर्षी दबावाखाली बंदी उठली, वॉकर गेला आणि त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. संघ अंतिम सामना लुईव्हिलकडून हरला. कॉलेजचे कोच म्हणून वुडन यांनी राष्ट्रीय अंतिम सामना गमावला तो तेवढा एकच.