गाडीची कुंची

आमच्या दारात लिंबाचं मोठं झाड आहे आणि त्याखाली माझी काळी गाडी. काळा रंग मीच निवडला, त्यामुळे बोलायला तोंड नाही. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या सोळाही रस्त्यांची धूळ संध्याकाळी माझ्या बॉनेटवर मुक्कामाला येते. वरून लिंबोळ्या टपकतात. साळुंक्या आणि कावळे काय टाकतात ते सांगायला नको.

पॉलिश करणाऱ्या पोरानं टपावरचे पांढरे चट्टे पाहिले आणि डॉक्टर एक्स-रे बघून करतात तसा चेहरा केला.

"सर, हे पुसून जात नसतंय. उन्हात वरचा क्लिअर कोट गरम होऊन मऊ पडतो. पाखराची शीट वाळून कडक होती. रात्री रंग आकसला की तिचा ठसा आत बसतो."

"मग जाड थर नाही का देत कंपनीवाले?"

"सगळे थर धरून शंभर-सव्वाशे मायक्रॉन. दोन केसांएवढा बी नाही."

माझ्या डोक्यावर आता मोजकेच उरलेत, त्यामुळे केसाची किंमत मला कळते. त्याच दिवशी कव्हर आणलं.

बाहेरून चंदेरी, आतून मऊ अस्तर, आरशांसाठी दोन कान आणि पोटाखालून बांधायचा पट्टा. गरम इंजिनावर घालायचं नाही, म्हणून घरी आल्यावर अर्धा तास गाडीभोवती घिरट्या घातल्या. मग घालायला घेतलं. कव्हरची पुढची बाजू कोणती, हे कव्हर शिवणाऱ्यालाही माहीत नसावं. पहिल्या फेरीत दोन्ही कान मागच्या दिव्यांपाशी लोंबायला लागले. दुसऱ्या फेरीत पुढून ओढलं की मागून सुटायचं, मागून ओढलं की पुढून. आखूड पांघरुणात लहानपण गेलेल्याला हे दुःख नवीन नाही. शेवटी पट्टा पकडायला जमिनीवर पालथा पडलो आणि हात गाडीखाली घातला.

ओट्यावरून माय म्हणाली, "काय करलालास रे तिथं लोळून?"

"कव्हर बांधतोय."

"सोताच्या लेकराला एकदा धड कुंची बांधली न्हाईस. आन हितं लोखंडाला!"

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कव्हरला कुंचीच म्हणतात. दूधवालासुद्धा विचारतो, "कुंची घातली का, सर?"

पंधरा दिवसांनी उन्हात गाडी पाहिली तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा. पुन्हा तेच पोरगं, तोच एक्स-रेचा चेहरा. "धुळीच्या गाडीवरच घातलं व्हय? रातभर वाऱ्यानं कव्हर हलतंय, खाली धूळ. पॉलिश पेपरच झाला की तेचा."

म्हणजे कव्हर घालायच्या आधी गाडी धुवायची. रोज. लातुरात!

मांजरा धरणाच्या पाण्याची पातळी आमच्याकडे लोक शेअरबाजारासारखी बघतात. ज्या गावानं 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलंय, त्या गावात दारात उभं राहून गाडीवर पाईप मारायचा म्हणजे उपासाच्या दिवशी मटणाचा वास सोडण्यासारखं आहे. मी पहाटे पाचला अर्धी बादली आणि दोन फडकी घेऊन चोरासारखा बाहेर पडलो. ड्रमच्या झाकणाचा आवाज झाला आणि आतून माय म्हणाली, "मिरजेहून रेल्वे आलती ती गाडी धुवाया न्हवती आलती."

कव्हरसुद्धा मळतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी अर्ध्या बादलीत भागते. कव्हरला तीन बादल्या लागल्या. तेही ओलं घालायचं नाही, ओल अडकून रंगावर डाग पडतात. गच्चीवर वाळत घातलं आणि त्याच दुपारी वळवाचं वारं सुटलं. सापडलं ते शेजारच्या गुरुजींकडे, सोयाबीनच्या पोत्यांवर, चारी कोपऱ्यांना विटा ठेवलेलं. "आमाला वाटलं, कुणाची तरी ताडपत्री आली," असं म्हणत त्यांनी पाऊस थांबेपर्यंत परत दिलं नाही. तेवढ्यात साळुंक्यांनी मागच्या पंधरा दिवसांची थकबाकी वसूल केली.

आता काल सकाळची गोष्ट. ऑफिसला निघालो, पुढून कव्हर उचललं, तर आतून गुरगुर. वायपरच्या खाचेत गल्लीतली बोकी मांजर आणि तिची चार पिल्लं. त्या मऊ अस्तराचा उपयोग पहिल्यांदाच कुणाला तरी कळला होता. बॉनेटवर तिच्या नखांच्या लांबलचक रेघा होत्या, कोळ्याच्या जाळ्यापेक्षा कितीतरी ठसठशीत. मी हात पुढे केला तोच मागून मायचा आवाज आला, "हात लावू नगं! बाळंतीण हाय ती."

तिनं कव्हर नीट खाली ओढलं, दोन्ही कान आरशांत पहिल्याच झटक्यात बसवले आणि वाटीत दूध आणून बंपरपाशी ठेवलं.

"मग मी ऑफिसला कसा जाऊ?"

"रिक्षानं," माय म्हणाली. "सव्वा महिना."