न छेडलेला गंधार

'प्रेरणा वरून उतरते, गवई फक्त निमित्त' हे गाण्यातल्या प्रेरणेवरच्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. वरून म्हणजे नेमकं कुठून? पंचवटीत आमच्या वाड्यात काका पहाटे तंबोरा लावायचे. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे, अर्धा तास नुसतं तेच! आम्ही पोरं वैतागायचो. पण जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झार, एकदा खुलली, की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या, तारेतून गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, ऐकू यायचा. कुणीही न छेडलेला. काका तेवढंच म्हणायचे, "आला बघ." तो आकाशातून नाही, त्या दोऱ्यातून यायचा.

आणि नाशिककरांनी तरी हे विसरू नये. थोर गवई विष्णु दिगंबर पलुस्करांनी इथे रामनाम आधार आश्रम काढला, त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. (बापूराव) पलुस्कर 1921 साली इथेच जन्मले. वडील गेले तेव्हा बापूराव जेमतेम दहा वर्षांचे. पुढची तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांकडे. बापूरावांचं स्वच्छ, नितळ गाणं ऐकताना सगळं सहज वाटतं, हे मान्य. पण त्या सहजतेमागची तालीम लेखात एका ओळीत उरकलीय. रियाज कंटाळवाणा असतो, म्हणून असेल बहुधा.